घरमालक आणि कोतवाल

दोन पावसाळ्यांपूर्वीची गोष्ट. आमच्या बऱ्हाणपुरातील एक वृद्ध गृहस्थ आपल्या दोन खोल्या भाड्याने देण्यासंबंधी माझा सल्ला घेण्यास आले. भाडेकरू होऊ पाहणारा मनुष्य यंत्रमागावर काम करणारा होता. बरोबर बायको व दोन मुले, गाव बंगालच्या मालदा जिल्ह्यातले, बोलीही अर्थातच बंगाली. आधारपत्र त्याने दाखविले होते. "वकीलसाहेब, हा सीमेपलीकडचा तर नसेल?" एवढाच त्यांचा प्रश्न. मी म्हणालो, "सांगता येत नाही. कशाला जोखीम पत्करता?" व्यवसायाच्या दृष्टीने हा सल्ला निर्दोष होता. ते कुटुंब पुढे कोठे राहिले, याची चौकशी मात्र मी केली नाही.

परका कोण, हे ठरविण्याचे काम कोणाचे? राज्याने आपल्या सीमा राखाव्यात, याविषयी माझे दुमत नाही. परकीयांसंबंधीचा १९४६ चा कायदा जाऊन १ सप्टेंबर २०२५ पासून नवा कायदा अमलात आला. परकीय पाहुणा उतरवून घेणाऱ्याने त्याची वर्दी द्यावी, हे तत्त्व जुन्यात होते, नव्यातही आहे. शिवाय भाडेकरूंची माहिती ठाण्यात द्यावी, असे आदेश ठिकठिकाणचे जिल्हादंडाधिकारी वेळोवेळी काढतात. यात नवीन काही नाही. कौटिल्याने नागरकाची कर्तव्ये सांगताना असाच नियम घातला आहे. घरी आलेल्या-गेलेल्याची वर्दी न देणारा गृहस्थ त्या रात्रीच्या अपराधाचा वाटेकरी ठरे, आणि रात्र निर्विघ्न गेली तरी त्याला तीन पण दंड पडे. नियम कडकच, पण त्यात गृहस्थाने जे पाहिले तेच सांगावयाचे होते. निवाडा त्याच्याकडे नव्हता.

वर्दी आणि निवाडा यांतील हे अंतर इंग्लंडने पुसून टाकले. २०१४ च्या कायद्यान्वये, आणि संपूर्ण इंग्लंडभर १ फेब्रुवारी २०१६ पासून, भाडेकरूची कागदपत्रे तपासून त्याला त्या देशात राहण्याचा अधिकार आहे किंवा नाही हे घरमालकानेच पाहावे, असे ठरले. चूक झाल्यास दंड, आणि जाणूनबुजून केल्यास कैदही. परिणाम व्हावयाचा तोच झाला. परक्या नावाच्या, पारपत्र नसलेल्या माणसाला, तो सर्वस्वी अधिकारी असला तरी, दार बंद होऊ लागले. २०१९ मध्ये तेथील उच्च न्यायालयाने ही व्यवस्था मानवी हक्कांशी विसंगत ठरविली. २०२० मध्ये अपील न्यायालयाने भेदभाव घडतो हे मान्य करूनही तो निर्णय फिरविला. कायदा स्वतः भेदभाव करावयास सांगत नाही, घरमालक तो करतात, असा एकंदर युक्तिवाद! भित्र्या माणसाच्या हाती तराजू द्यावयाचा आणि पारडे झुकले की दोष त्याचा.

आमच्याकडे कायदा घरमालकाला इतके सांगत नाही, पण धास्ती सांगते. तो बिचारा आधारपत्र मागतो, आणि २०१६ च्या आधार कायद्यातच म्हटले आहे की ते पत्र नागरिकत्वाचा वा अधिवासाचा पुरावा नव्हे. मग उरते काय? नाव, पेहराव आणि बोली. बंगालची सीमा १९४७ मध्ये आखली गेली, भाषा मात्र दोन्हीकडे तीच राहिली. कोकणी वाचकांना हे समजावून सांगावयास नको. १९६१ च्या डिसेंबरपर्यंत पेडणे आणि बांदे ही दोन निरनिराळ्या सत्तांखालची गावे होती. बोलीवरून त्यांतला परका कोणी निवडावयाचा?

१६१५ च्या नोव्हेंबरात इंग्लंडच्या राजाचा वकील सर टॉमस रो आमच्या या गावी आला, तेव्हा त्याच्या उतरण्याची सोय कोतवालाने केली. खोल्या भट्टीसारख्या होत्या, अशी कुरकुर रोने रोजनिशीत केली आहे. ती रास्तही असेल. पण परक्याची पारख करण्याचे ओझे कोतवालाने एखाद्या विणकराच्या उंबऱ्यावर नेऊन टाकले नव्हते.

गेल्या महिन्यात तेच वृद्ध गृहस्थ पुन्हा आले. खोल्या रिकाम्या झाल्या होत्या, आणि विचारणारा पुन्हा बाहेरगावचाच होता. या खेपेस मी म्हणालो, "माहिती लिहून घ्या, ठाण्यात द्या, पोच घ्या आणि किल्ली द्या."

"आणि उद्या तो तिकडचा निघाला तर?"

"ते ठाण्याने शोधावे."

त्यांचे समाधान झालेले दिसले नाही. दाराशी थांबून त्यांनी विचारले, "तुमच्या स्वतःच्या खोल्या असत्या तर दिल्या असत्या का?" मी हो म्हणालो, पण लगेच नव्हे.