वहिवाट

डोंबिवलीत दोन बिल्डिंगांमधल्या बोळावरून भांडण पेटलं की कुणीतरी आजोबा हमखास म्हणतात, "वहिवाट आहे इथून." कागद नसतो. इतकी वर्षं लोक जातायत, हाच पुरावा. आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांना हे चटकन कळतं. डॉक्युमेंटेशनमध्ये नसलेली गोष्टही लोकांच्या सवयीची झाली की काढता येत नाही.

हाच मुद्दा एकदा हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात लढला गेला, तोही आपल्या शेजारावरून. २०१४ मध्ये पालघर वेगळा होईपर्यंत ठाणे जिल्ह्याची हद्द दादरा-नगर हवेलीला भिडत होती. १९५४ च्या जुलै-ऑगस्टमध्ये स्वयंसेवकांनी हा पोर्तुगीज मुलूख सोडवला (त्यांत बाबूजी, म्हणजे सुधीर फडकेही होते). दमणहून तिथे जायचं तर भारताची जमीन ओलांडावी लागे. भारताने वाट अडवली आणि १९५५ मध्ये पोर्तुगाल कोर्टात गेला.

पेशव्यांशी १७७९ मध्ये झालेला करार पोर्तुगालने पुढे केला. कोर्ट म्हणालं, पेशव्यांनी महसूल दिला होता, राज्य नव्हे. पण नंतर इंग्रजांनी पोर्तुगीजांना तिथले धनी मानलं आणि सव्वाशे वर्षं ये-जा चालू राहिली. म्हणून १२ एप्रिल १९६० च्या निकालात सामान्य माणसं, मुलकी अधिकारी आणि माल यांना वहिवाट मिळाली. फौज, पोलीस, शस्त्रं यांना नाही, कारण ती परवानगीनेच जात. शिवाय ५४ सालच्या तणावात वाट अडवणं हा भारताचा कर्तव्यभंग ठरला नाही.

निकाल बारकाईचा आहे आणि मला तो आवडतो. पण त्यात दोनच पक्ष आहेत, दोन्ही सरकारं. तिथल्या वारली, कोकणा, ढोडिया लोकांना काय हवं होतं, हा प्रश्नच कोर्टापुढे नव्हता. ज्या मुलखावर राज्य करणंच अन्याय, तिथे पोचण्याची वाट न्याय्य कशी? वहिवाटीच्या कायद्याला हे विचारता येत नाही. तो फक्त कोण किती वर्षं चाललं, ते मोजतो.

आठच महिन्यांनी, डिसेंबर १९६० मध्ये, संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने ठराव केला: स्वयंनिर्णय हा सगळ्या जनतेचा हक्क आहे. विरोधात एकही मत नाही. पोर्तुगाल तटस्थ.

तरी १९६१ मध्ये भारतात विलीन व्हायची वेळ आली, तेव्हा करारावर सही कुणाची, हा पेच पडलाच. जनतेला हक्क मिळाला होता, पण सहीला अजून सरकारच लागत होतं. मग बदलानी नावाच्या आयएएस अधिकाऱ्याला एका दिवसापुरता दादरा-नगर हवेलीचा पंतप्रधान केलं. एका बाजूला त्यांची सही, दुसऱ्या बाजूला नेहरूंची.