नंबरावरचा भरवसा

‘आकाशातला एक तारा तुमच्या नावे’ असं सोनेरी नक्षीचं प्रमाणपत्र भाचीला वाढदिवसाला मिळालं. विकत घेतलेल्या असल्या नावाला खगोलशास्त्रात काडीची किंमत नसते, हे सांगण्यात शाई दवडत नाही. पण तो कागद पाहून आमचे एक इंजिनिअर मित्र म्हणाले, “शास्त्रज्ञ तरी वेगळं काय करतात? गडाच्या भिंतीवर नावं कोरण्यातलाच प्रकार. नंबर पुरे की!”

मला ते पटलंच. उदाहरणही आयतं आठवलं: ८७८ मिल्ड्रेड. मंगळ आणि गुरू यांच्यामधल्या पट्ट्यातला हा जेमतेम अडीच-तीन किलोमीटरचा धोंडा. १९१६ साली कॅलिफोर्नियातल्या माउंट विल्सन वेधशाळेत सेथ निकोल्सन आणि हार्लो शॅप्ली यांना तो सापडला, आणि नाव मिळालं शॅप्लींच्या चिमुकल्या मुलीचं. सूर्य आकाशगंगेच्या मध्यावर नाही, हे पुढच्या काही वर्षांत दाखवून देणाऱ्या माणसालाही लेकीचं कौतुक आवरलं नाही!

सापडला म्हणालो खरा, पण दिसणं वेगळं आणि सापडणं वेगळं, हे माझं जुनं पालुपद. दुर्बीण ताऱ्यांच्या गतीने फिरत असते, म्हणून छायाचित्राच्या काचेवर तारे ठिपक्यांसारखे उमटतात. लघुग्रह त्यांच्यातून सरकतो, म्हणून त्याची बारीकशी रेघ उठते. हे झालं दिसणं. पुढच्या खेपेला तो कुठे असेल हे सांगता आलं, तर सापडला म्हणायचं. मिल्ड्रेडची प्रदक्षिणा साडेतीन वर्षांहून मोठी, आणि निरीक्षणं तिच्या एवढ्याशा तुकड्याची. गणितातली बारीक चूक दर फेरीला वाढत गेली, आणि धोंडा हरवला तो पाऊणशे वर्षं.

मग नंबराचं काय? ‘८७८’ म्हणजे ‘याची कक्षा आम्हाला ठाऊक आहे’ असा दावा. तोच फोल ठरला. नावाने असा कसलाच दावा केला नव्हता.

नावांमध्ये थिल्लरपणा होतो, हे मान्य. जेम्स गिब्सन यांनी १९७१ साली सापडलेल्या एका लघुग्रहाला आपल्या मांजराचं नाव दिलं: मिस्टर स्पॉक. पाळीव प्राण्यांची नावं नकोत, असं मग खगोलशास्त्रज्ञांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेला सांगावं लागलं. मला ते मांजर आवडतं.

इकडे मिल्ड्रेडबाई मोठ्या झाल्या आणि अ‍ॅरिझोनात ग्रहविज्ञानाच्या ग्रंथांचं संपादन करू लागल्या. १९८९च्या ‘अ‍ॅस्टेरॉइड्स टू’ या जाडजूड ग्रंथाच्या संपादकांत त्यांचं नाव आहे. लघुग्रहांवरचा ग्रंथ हातावेगळा झाला, तरी त्यांच्या नावाचा लघुग्रह बेपत्ताच! १९९१मध्ये गॅरेथ विल्यम्स यांनी त्याची ओळख पटवली, तेव्हा कुठे ८७८ या आकड्यात जीव आला.

मित्र म्हणतात, आता कक्षा पक्की झाल्याशिवाय नंबर देतच नाहीत, आणि नाव त्याच्याही नंतर. बरोबर आहे. पण असे हात पोळल्यावर आलेलं ते शहाणपण आहे; नंबराचा अंगचा गुण नव्हे. शॅप्लींना मी उगाच नावं ठेवत होतो असं आता वाटतं. त्या प्रमाणपत्रवाल्यांना मात्र ठेवणारच.