सहीच्या आधी

सोलापूरहून अक्कलकोट रस्त्याने निघालं की कुंभारी लागते. इथे कम्युनिस्ट नेत्या गोदूताई परुळेकरांच्या नावाने विडी कामगार स्त्रियांची दहा हजार घरांची वसाहत आहे. 2006 साली पंतप्रधान मनमोहन सिंग यांच्या हस्ते ती कामगारांच्या हवाली झाली. त्याच शिवारात पुढे रे नगर उभं राहिलं. तिथे तीस हजार घरांचा संकल्प, आणि त्यातली पंधरा हजार घरं 19 जानेवारी 2024 रोजी पंतप्रधान नरेंद्र मोदी यांनी सुपूर्द केली. दोन्हींच्या मागे कामगार नेते नरसय्या आडम यांच्या नेतृत्वाखालची लांबलचक लढाई आहे. या वस्तीचा विचार करताना एक गोष्ट मला सारखी जाणवते. गोदूताईंच्या नावाच्या वसाहतीतलं घर आईच्या बोटांनी कमावलेलं आहे. इथला मुलगा घरच्या धंद्यात उतरतो तेव्हा त्याला बसायला वडिलांची गादी नसते. आईची पत हाच त्याचा आधार असतो. टॉवेलची शिलाई असो, पुढच्या खोलीतलं किराणा दुकान असो की मालवाहू रिक्षा, कर्जाच्या अर्जावर सही आईची लागते.

अशा वेळी मुलाने (आणि मुलीनेही) आपलं आधीचं, घरात कुणाला ठाऊक नसलेलं कर्ज आईला सांगावं का, हा प्रश्न वरवर फार सोपा वाटतो. सांगावं, असंच कुणीही म्हणेल. तरी ते सांगितलं जात नाही. मोबाइलवरच्या ॲपचं कर्ज, दोस्तांकडून हातउसने, हप्त्यावर उचललेली गाडी, पतसंस्थेत मित्रासाठी राहिलेला जामीन, कधी पैसे लावून खेळलेली रमी. हे लपतं ते बहुधा लोभापायी नाही, लाजेपायी. आई आधीच थकली आहे, तिला आणखी घोर कशाला, धंदा सुरू झाला की त्यातूनच फेडू, असा मनाशी केलेला हिशेब असतो. या हिशेबाची मला सगळ्यात जास्त भीती वाटते, कारण त्यात माया खरी आहे. पण पहिल्याच महिन्यापासून गल्ल्याजवळ एक अदृश्य भागीदार येऊन बसतो आणि हप्त्याच्या तारखेला मालाच्या पैशातून उचल करतो. दुकानात माल का कमी भरला, याचं कारण आईला कधीच कळत नाही.

आपल्याकडे या विषयावर फार जुना आणि फार बारीक विचार झाला आहे. तोही काही दूर झालेला नाही. बाराव्या शतकाच्या सुरुवातीला, चालुक्य विक्रमादित्य सहावा याच्या काळात, विज्ञानेश्वराने याज्ञवल्क्यस्मृतीवर मिताक्षरा ही टीका लिहिली ती कल्याणला, म्हणजे आजच्या बसवकल्याणला. सोलापूरचे संत सिद्धराम पुढे शरणांच्या, म्हणजे वीरशैव संतांच्या, ज्या नगरीत गेले, तीच ही. मनूने न्यायाची जी अठरा प्रकरणं मोजली त्यांत पहिलं आहे ऋणादान, कर्जाची देवघेव. वारसा नंतर येतो, कर्ज आधी.

या ग्रंथांत बापाचं कर्ज मुलाने फेडावं असं आहे, आणि तेवढंच आपल्या लक्षात राहिलं. पण बापाने दारूपायी, जुगारापायी केलेलं कर्ज मुलावर पडत नाही, हेही तिथेच आहे. आणि उलट दिशेचा नियम तर आणखी स्पष्ट आहे: मुलाने केलेलं कर्ज बापाने फेडायचं नाही, आईने फेडायचं नाही, कुटुंबासाठी घेतलं असेल तर गोष्ट वेगळी. स्त्रीवर कर्ज येतं ते तिने स्वतः काढलेलं, नवऱ्याबरोबर मिळून काढलेलं, किंवा तिने आपण होऊन पत्करलेलं. हे पत्करणं मला फार मोलाचं वाटतं. आईला मुलाच्या स्वतःपुरत्या कर्जापासून एवढं कडेकोट संरक्षण देऊन स्मृतिकाराने एकच दार उघडं ठेवलं, ते तिच्या होकाराचं. आज त्या दाराला सही म्हणतात. आणि ज्या गोष्टीची माहितीच नाही ती पत्करता येत नाही.

याज्ञवल्क्याचा आणखी एक नियम आहे. एकत्र कुटुंबात बाप-लेक, भाऊ-भाऊ, नवरा-बायको यांच्यात जामीन, कर्ज आणि साक्ष हे व्यवहार नसतात. धन सगळ्यांचं एक असेल तर कोण कुणाला जामीन राहणार? आजची बँक नेमकं उलटं करते. एकाच चुलीवर जेवणाऱ्यांना ती एकमेकांचे जामीनदार करते. 2005 च्या हिंदू वारसा कायद्यातल्या दुरुस्तीने केवळ पुत्रधर्म म्हणून बापाचं कर्ज मुलाच्या गळ्यात घालण्याची वाट नव्या कर्जांपुरती बंद केली. रक्ताच्या नात्याने येणारं ओझं कायद्याने उतरवलं. सहीने येणारं मात्र पूर्ण वजनानिशी तसंच राहिलं. 1872 च्या करार कायद्यानुसार जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते. सावकाराने किंवा बँकेने महत्त्वाची गोष्ट दडवून जामीन मिळवला तर तो रद्द ठरू शकतो. पण बँकेला पत्ता नसताना मुलाने आईपासून काही दडवलं, तर आईची तेवढ्यावर सुटका नाही. मुलाच्या मौनाची किंमत कायदा आईकडून वसूल करतो.

रिझर्व्ह बँकेचा सूक्ष्म कर्जाचा नियम तर थेट याज्ञवल्क्याच्या ‘धन सगळ्यांचं एक’ या विचाराकडे परतला आहे. 1 एप्रिल 2022 पासून तीन लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या घराला अशा कर्जाचा लाभ देताना घर म्हणजे नवरा, बायको आणि अविवाहित मुलं असं धरतात, आणि सगळ्यांचे मिळून हप्ते महिन्याच्या उत्पन्नाच्या निम्म्यापलीकडे जाऊ नयेत अशी मर्यादा आहे. म्हणजे मुलाचं ॲपवरचं कर्ज आईच्या मर्यादेतून वजा होतं. नोंद कर्जदारांची माहिती ठेवणाऱ्या पतमाहिती कंपनीकडे असते आणि अर्ज करताच ती उघडते. मग मुलाचं गुपित आईच्या आधी टेबलापलीकडच्या अनोळखी माणसाला कळतं, आणि आई त्याच्या तोंडून ते ऐकते. कर्जापेक्षा ही घटका जास्त जखम करते असं मी मानतो.

कबुली कशी द्यावी, याचं आपल्या सगळ्यांना माहीत असलेलं एक उदाहरण गांधीजींच्या आत्मकथेत आहे. भावाचं पंचवीसेक रुपयांचं कर्ज फेडायला पंधरा वर्षांच्या मोहनदासाने भावाच्याच कड्यातलं सोनं काढलं. कर्ज फिटलं, पण मन स्वस्थ बसेना. त्याने सगळं चिठ्ठीत लिहून आजारी वडिलांच्या हाती दिलं, शिक्षा मागितली आणि वडिलांनी स्वतःला त्रास करून घेऊ नये अशी विनवणी केली. वडिलांनी उठून बसून ती वाचली, त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं आणि त्यांनी चिठ्ठी फाडली. क्षमेसाठी ही गोष्ट सांगितली जाते. मला त्यात दुसरंच दिसतं: त्या चिठ्ठीत पैशाची मागणी नव्हती. कबुली आणि मागणी एकाच श्वासात आली की ऐकणाऱ्याला विचार करायला जागाच उरत नाही, आणि आई तर हमखास पहिल्यांदा पदराची गाठ सोडते.

म्हणून सांगायचं ते कागदावर लिहून. कुणाचे, किती, व्याज काय, हप्ता कधी, पैसे कशात गेले. आणि पूर्ण. थोडंफार आहे असं म्हणून निम्मं सांगणं हे न सांगण्याहून वाईट, कारण उरलेलं निम्मं बाहेर येतं तेव्हा आधीचं सांगणंही खोटं ठरतं. ऐकून आई म्हणू शकेल की आधी कुठेतरी कामाला लाग, हे फेड, मग धंद्याचं बघू. तसं म्हणण्याचा तिला पुरेपूर हक्क आहे. याच हक्कासाठी तर सांगायचं.

आईवडिलांनाही एक सांगायला हवं. मुलाला धंद्यात घेताना आपल्या वहीतली जुनी उधारी, बचत गटाचा थकलेला हप्ता, सावकाराकडे ठेवलेली वस्तू त्याच्यापुढे मांडा. भागीदारी कायद्याप्रमाणे नवा भागीदार आपण येण्यापूर्वीच्या देण्याला बांधील नसतो, पण घरातला मुलगा त्या देण्यात राहतो, जेवतो. दोन्ही बाजूंच्या वह्या एकाच दिवशी उघडल्या तर लाजेचा भार एकट्यावर पडत नाही.

कर्जाचा अर्ज भरून झाल्यावर, आई सहीसाठी चष्मा शोधत असताना हे बोलू नका. अर्ज आणायला जाण्यापूर्वी बोला, आणि आकडा पूर्ण सांगा.