उपकरणाचा अभिप्रेत वाचक : मालवण किनाऱ्याच्या निमित्ताने

प्रत्येक संहिता आपल्या रचनेतच एक वाचक गृहीत धरीत असते, ही वोल्फगांग इझरची मांडणी (१९७२) मराठी समीक्षेला आता नवी राहिलेली नाही. कोणत्या जागा रिकाम्या सोडायच्या, वाचकाला काय ठाऊक आहे असे मानायचे, कशाचा उलगडा करायचा आणि कशाचा नाही, या निर्णयांतून हा अभिप्रेत वाचक घडतो. तोच विचार तांत्रिक वस्तूंना लावण्याचे काम फ्रेंच समाजशास्त्रज्ञ मादलेन आक्रिश हिने १९९२ च्या एका निबंधात केले. यंत्र रचणारा यंत्राबरोबर त्याच्या वापरणाऱ्याची पटकथाही लिहीत असतो, त्याची बोटे, त्याचे घर, त्याची सवड, त्याचे हेतू हे सारे वस्तूमध्ये कोरले जाते, असे तिचे प्रतिपादन आहे. दार उघडले की बंद, पाणी किती तापले, नाव कोठे आहे, हे स्वतःहून टिपून दूर कोठेतरी कळविणारी संवेदक उपकरणे आज घराघरांत आणि किनाऱ्यांवरही आली आहेत. त्यांच्या बाबतीत या प्रतिपादनाला एक वेगळीच धार येते. साधे यंत्र वापरणाऱ्याची वाट पाहते. संवेदक मात्र काय घडले म्हणजे ‘काही घडले’ असे मानायचे, हेच ठरवून टाकतो.

अभिप्रेत वाचक हा बहुधा पुरुष असतो आणि स्त्रीला पुरुष होऊन वाचावे लागते, हे ज्युडिथ फेटर्लीने १९७८ मध्ये अमेरिकन कथात्म साहित्याच्या संदर्भात दाखवून दिले. उपकरणांच्या जगात याचे साधे उदाहरण कार्यालयातील थंडीचे आहे. इमारतीतील हवेचे तापमान नियंत्रित करणाऱ्या व्यवस्था ज्या प्रमाणावर बेतलेल्या असतात त्याचा पाया डॅनिश अभियंता फँगर याने १९६० च्या दशकात घातला. त्यातील शरीराच्या उष्णतेचे मूल्य सुमारे चाळिशीच्या, सत्तर किलो वजनाच्या पुरुषाचे होते. या प्रमाणामुळे स्त्रीशरीरातील उष्णतानिर्मिती ३५ टक्क्यांपर्यंत जास्त धरली जाऊ शकते, असे दोन डच संशोधकांनी २०१५ मध्ये दाखविले. भिंतीवरचा संवेदक अचूक असतो. खोलीत किती अंश आहेत हे तो बरोबर सांगतो. बिनचूक मोजणारे यंत्र चुकीच्या माणसासाठी मोजत असते, आणि शाल पांघरून बसलेली बाई स्वतःलाच नाजूक समजू लागते. फेटर्लीच्या वाचकाचे याहून वेगळे काय होते?

तथापि हा प्रकार तुलनेने सोपा आहे. शरीराशरीरांतील भेद मोजता येतो, आणि मोजता आला की प्रमाण बदलता येते. याच सोपेपणातून एक फसवा उपाय जन्माला येतो: वस्तूचा आकार थोडा लहान करायचा, रंग गुलाबी करायचा आणि ‘स्त्रियांसाठी’ अशी एक आवृत्ती बाजारात आणायची. भेदाची दखल घेतल्याचे समाधान त्यातून मिळते, पण मूळची पटकथा अबाधित राहते. प्रश्न खरा अवघड होतो तो भेद शरीरात नसून श्रमात असतो तेव्हा.

सिंधुदुर्ग जिल्ह्यातील काजूच्या व्यवसायाकडे या दृष्टीने पाहावे. काजू फोडणे, गर काढणे, सोलणे ही कामे बहुतांशी स्त्रियांच्या हातची. टरफलातील तेल दाहक असते. ते बोटांची कातडी जाळते, सोलवटून काढते. बोटांचा ठसा हे आज रास्त भाव दुकानापासून बँकेपर्यंत ओळखीचे साधन झाले आहे, आणि श्रमाने झिजलेला ठसा यंत्राला न पटणे हा अनुभव आता सर्वत्र परिचयाचा आहे. ठसा वाचणाऱ्या संवेदकाला स्त्री-पुरुष हा भेद मुळीच ठाऊक नाही. त्याच्या रचनेत कोठेही पक्षपात लिहिलेला सापडणार नाही. गावाने कोणते काम कोणाच्या बोटांना दिले आहे, यातून पक्षपात त्याच्यापर्यंत पोहोचतो. उपकरण लिंगनिरपेक्ष आहे, हा रचनाकाराचा दावा येथे अक्षरशः खरा असतो आणि तरीही निरर्थक ठरतो. (स्त्रीच्या हातांच्या कोमलतेविषयी मराठी कवितेने जेवढे लिहिले, त्याच्या शतांशानेही या जळलेल्या बोटांविषयी लिहिलेले नाही, ही गोष्ट जाता जाता नोंदवायला हवी.)

श्रमविभागणीचे हे सूत्र मालवणच्या किनाऱ्यावर अधिक स्पष्ट होते, कारण तेथे ते पाणी आणि जमीन यांच्या सीमेवरूनच आखलेले आहे. समुद्रात जाणे पुरुषाचे. नाव किनाऱ्याला लागल्यापासूनचे बरेचसे काम स्त्रीचे. मासळी निवडणे, बोली लावून माल उचलणे, पाटी बाजारात नेणे, विकणे, उरलेली खारविणे, सुकविणे, उधारी लक्षात ठेवणे आणि वसूल करणे. शिवाय ओहोटीच्या वेळी खाडीत उतरून कालवे, तिसऱ्या वेचणे. हीसुद्धा मासेमारीच, परंतु तिला नाव लागत नाही.

३० ऑगस्ट २०२४ रोजी पालघर येथे नौकांसाठीच्या संपर्क व साहाय्य यंत्रणेचा देशव्यापी प्रारंभ झाला. सुमारे ३६० कोटी रुपयांच्या या योजनेत तेरा किनारी राज्ये व केंद्रशासित प्रदेशांतील एक लाख नौकांवर टप्प्याटप्प्याने ट्रान्सपॉन्डर बसविले जायचे आहेत. यंत्रणा भारतीय अंतराळ संशोधन संस्थेने विकसित केलेली आहे. समुद्रातून उपग्रहामार्फत संदेश पाठविता येतो आणि किनाऱ्यावरून तो मिळूही शकतो. या उपकरणाचे मोल मालवणात कोणाला समजावून सांगण्याची आवश्यकता नाही. नोव्हेंबर २००९ मधील फयान आणि मे २०२१ मधील तौक्ते ही वादळे या किनाऱ्याच्या स्मरणात आहेत. परप्रांतीय आणि पर्ससीन नौकांच्या विरोधात लढणाऱ्या पारंपरिक मच्छीमारांनाही कोणती नाव कोठे आहे हे कळायला हवेच आहे. जानेवारी २०२५ पासून राज्याने किनाऱ्यावर ड्रोनची टेहळणी सुरू केली, तीही याच संदर्भात. तेव्हा येथे आक्षेप यंत्रावर नाही. यंत्राची पटकथा वाचण्याचा हा प्रयत्न आहे.

या पटकथेत मासेमारीचा कर्ता ‘नाव’ हा आहे. योजना आहे ती यांत्रिक आणि इंजिन बसविलेल्या नौकांसाठी. नाव बंदरातून सुटली की मासेमारी सुरू होते, परतली की संपते. तिचे स्थान, तिचे संकट, तिला मिळणारी हवामानाची सूचना यांतून व्यवसायाचे चित्र तयार होते. हैदराबादची सागरी माहिती संस्था उपग्रहाने टिपलेल्या पृष्ठजलाच्या तापमानावरून आणि हरितद्रव्यावरून मासळी सापडण्याची संभाव्य क्षेत्रे कळविते. तीही खोल पाण्याकडे निघालेल्या कर्त्याला उद्देशून असते. कर्ली नदीच्या मुखाशी किंवा कोळंबच्या खाडीत गुडघाभर चिखलात उभी असलेली बाई या वाक्याचा कर्ता नाही, कर्मही नाही. खाडीचे पाणी कालवांना बाधेल इतके बिघडले आहे काय, हे टिपणारा संवेदक रचणे नौकेचे स्थान टिपण्याहून अशक्य आहे असे नाही. तो प्रश्न कोणाला प्रथम सुचला असता, एवढाच भेद आहे.

नावेच्या आतही हे चित्र अपुरेच राहते. तांडेल आणि खलाशी, ज्यांत नेपाळहून आलेले तरुणही असतात, ते सगळे एका बिंदूत विरून जातात. म्हणजे पुरुषांचीही संपूर्ण नोंद होत नाही. नोंद होते ती भांडवलाची. स्त्रीच्या अदृश्यतेचा विचार करताना ही गोष्ट दृष्टीआड केली, तर ‘पुरुष दिसतो, स्त्री दिसत नाही’ असे सुटसुटीत पण खोटे समीकरण हाती येईल.

मोजमापाच्या एककाचाही येथे विचार व्हावा. इलेक्ट्रॉनिक काटा किलो मोजतो. मालवणच्या बाजारात बारीक मासळी वाट्याने विकली जाते: केळीच्या पानावर वा फळीवर मांडलेला एक वाटा, त्याची किंमत, त्यावर घासाघीस आणि शेवटी वरून टाकलेले दोन मासे. वाट्याचा आकार दिवसाच्या आवकेवर, उन्हावर, गिऱ्हाइकाच्या ओळखीवर ठरतो. रापणीतही, म्हणजे किनाऱ्यावरून दोर ओढून काढावयाच्या त्या सामुदायिक जाळ्यात, मिळकतीचा हिस्सा हा ‘वाटा’च. एकाच शब्दात वस्तूचे माप आणि माणसाचा हक्क दोन्ही सामावलेले आहेत. काट्याला जोडलेले उपकरण जेव्हा वाट्याचे किलोत भाषांतर करते, तेव्हा भाषांतरात हक्काचा अर्थ गळतो. भाषांतरमीमांसेला परिचित असलेली ही हानी तंत्रज्ञांच्या चर्चेत क्वचितच येते.

भाषेचा प्रश्न आणखी एका अंगाने उपस्थित होतो. बोलणारी उपकरणे बहुधा स्त्रीच्या आवाजात बोलतात; या आज्ञाधारक स्त्रीस्वराची चिकित्सा युनेस्कोच्या २०१९ च्या अहवालाने केली आहे, आणि त्याचे शीर्षकच अशा एका सहायिकेने अपशब्दाला दिलेल्या लाजऱ्या उत्तरावरून घेतलेले आहे. इंग्रजीत हा प्रश्न आवाजापुरता असतो. मराठीत तो क्रियापदात शिरतो. ‘मी’ म्हणणाऱ्या यंत्राला ‘शोधतो’ की ‘शोधते’ यातून सुटका नाही. ऐकणाऱ्याला ‘तू आलास’ वा ‘तू आलीस’ म्हणताना त्याचे लिंग ठरवावे लागते. ‘तुम्ही आलात’ म्हटले की आदराच्या आवरणाखाली ते झाकले जाते. मालवणी बोलीत मात्र ‘मी सांगतंय’ हे रूप बाईच्या आणि बाप्याच्या तोंडी सारखेच असते. प्रमाणभाषेत यंत्राला जो निर्णय टाळता येत नाही, तो या बोलीत उद्भवतच नाही. बोलीला मागास ठरवून यंत्रांना केवळ प्रमाणभाषा शिकविणाऱ्यांनी याचा विचार केलेला दिसत नाही.

येथे एक गंभीर आक्षेप संभवतो. टिपले न जाणे हा अन्याय आहे असे मानले, तर टिपले जाणे हा न्याय ठरतो काय? संवेदकाची दृष्टी ही पाळतीचीही दृष्टी असते. मासळी विकणाऱ्या स्त्रीची उधारी तिच्या डोक्यात असते. कोणाला किती दिले, कोणाकडून मागायचे नाही, घरी किती सांगायचे आणि किती बाजूला ठेवायचे, हे तेथेच ठरते. त्या अलिखित हिशेबावर मुलीची फी भरली जाते, दारू पिणाऱ्या नवऱ्यापासून चार पैसे वाचतात. हा व्यवहार उपकरणात उतरला तर तो प्रथम कोणाच्या हाती पडेल? राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीनुसार (२०१९-२१) स्वतः वापरता येईल असा मोबाइल सुमारे ५४ टक्के स्त्रियांकडेच होता. उरलेल्या घरांत उपकरणाचा पडदा बहुधा दुसऱ्याच कोणाच्या खिशात असणार. तिचे न दिसणे ही वंचना आहे आणि आडोसाही आहे. कोणती केव्हा, हे तिच्याखेरीज कोणाला सांगता येणे कठीण आहे.

ताराबाई शिंदे यांनी १८८२ मध्ये ‘स्त्रीपुरुषतुलना’ लिहिताना स्त्रीसाठी निराळा मापदंड मागितला नव्हता. स्त्रीला लावलेले माप त्यांनी पुरुषाला लावून पाहिले, आणि माप कोणी, कोणत्या अधिकाराने हाती घेतले हे उघडे केले. संवेदकांच्या संदर्भात हीच तुलना उपयोगाची आहे. ‘स्त्रियांसाठी काय टिपावे’ या प्रश्नात टिपणारा आपल्या जागी निर्धास्त असतो. किनाऱ्यावरच्या बाईकडून प्रश्न सुरू झाला, तर तो कदाचित ट्रान्सपॉन्डरबद्दलच असेल, कारण नाव केव्हा लागणार, काय घेऊन येणार, बर्फ किती सांगून ठेवायचा, हे तिला पहाटे कळायला हवे असते. वादळात तर तिला त्याहून वेगळे काही कळायला हवे असते. संदेश नावेकडून नियंत्रणकक्षाकडे जातो, मालकाकडे जातो. हे तिसरे टोक जोडायला उपग्रह नवा लागत नाही. पत्त्यांच्या यादीत एक क्रमांक वाढवावा लागतो. उधारीच्या बाबतीत मात्र तिचे उत्तर बहुधा नकाराचेच येईल. रचनाकाराला तो नकारही आराखड्यात कोठेतरी बसवावा लागेल, आणि त्याला आजच्या आराखड्यांत जागा नाही.