आसन कितीचं असावं?



आजचा पाठ : भगवद्गीता, अध्याय 6, श्लोक 11 आणि 12.

अर्थ थोडक्यात असा. ध्यानासाठी स्वच्छ जागा पाहावी, तिथे आपलं आसन मांडावं. ते डगमगणारं नसावं. फार उंच नको, फार खाली नको. तळाला दर्भ, त्यावर मृगाजिन, त्यावर वस्त्र. अशा आसनावर बसून मन एका ठिकाणी आणावं, इंद्रियांना आवरावं आणि अंतःकरणाच्या शुद्धीसाठी योग करावा.

खरं सांगायचं तर हे दोन श्लोक मी आजवर घाईघाईनेच वाचत आलो. नवीन सॉफ्टवेअर टाकताना सुरुवातीच्या सूचना आपण कशा वरवर बघतो आणि ‘पुढे’ दाबतो, तसं. खरा विषय मनाचा, तो पुढे आहे, असं वाटायचं. या वेळी मात्र मी इथेच अडकलो. कारण गेले तीन आठवडे माझ्याही डोक्यात आसनाचाच विषय होता. फक्त ते आसन मोटरसायकलचं होतं, आणि त्याची किंमत होती 18,500 रुपये.

सांगतो.

माझी साडेतीनशे सीसीची गाडी आहे, चार वर्षांची. पुण्याहून पंढरपूर साधारण 210 किलोमीटर. मी आणि बायको वर्षातून दोनदा तरी पहाटे अंधारात निघतो आणि दुपारच्या आत दर्शनाच्या रांगेत लागतो. गाडीबद्दल तक्रार नाही, पण भिगवण यायच्या आत माझं बूड बोंबलायला लागतं. मग कधी पायांवर उभं राहून चालव, कधी डावीकडे सरक, कधी उजवीकडे. मागच्या वेळी रांगेत उभं राहिल्यावर फार बरं वाटलं. ते बरं वाटणं विठ्ठल जवळ आल्याचं नव्हतं, सीटवरून उतरल्याचं होतं. हे लक्षात आलं तेव्हा मलाच ओशाळल्यासारखं झालं.

मग शोध सुरू झाला. तुमच्या मापाने सीट बनवून देणारे लोक असतात. उंची विचारतात, वजन विचारतात, पायाची लांबी विचारतात, गाडीवर बसलेला फोटो मागवतात. इंजिनिअर माणूस, त्यामुळे आधी अभ्यास केला. आपण बसतो तेव्हा वजन मुख्यतः कंबरेच्या सांगाड्याच्या तळाशी असलेल्या दोन हाडांवर येतं. जागा लहान, वजन सगळं, म्हणून तिथे दाब जास्त. चांगली सीट हा दाब पसरवते, थोडा मांड्यांवर घेते. सीटला पुढे उतार असेल तर माणूस सारखा टाकीकडे घसरतो आणि स्वतःला मागे ढकलत राहतो, त्यात कंबर जाते. म्हणजे ही नुसती चैन नाही, यात विज्ञान आहे. माझी खात्री पटली. आता फक्त पैशाचा प्रश्न उरला होता.

आमच्या घरखर्चाची एक शीट आहे. प्रत्येक खर्चापुढे तो कशासाठी ते लिहायचं, असा नियम मीच केलेला. मी पुढच्या महिन्याच्या रकान्यात 18,500 टाकले आणि समोर लिहिलं : ‘तीर्थयात्रा’.

रात्री बायकोने शीट उघडली. बघितलं आणि हसून म्हणाली, “अरे, हे बिल विठोबाला लावलंस होय?”

मला राग आला. मी तिला दाब, हाडं, उतार, सगळं समजावलं. तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, “घे ना मग. मी कुठे नको म्हणते? फक्त सदर बदल.”

सदर बदलायला मी लॅपटॉप घेतला आणि हात थांबला. काय लिहू? मोबाइलमध्ये सगळ्या प्रवासांची नोंद असते, ती काढली. गेल्या बारा महिन्यांत 150 किलोमीटरच्या वरचे प्रवास पाच. त्यातले पंढरपूरचे दोन. उरलेले तीन मित्रांबरोबर मिसळ आणि फोटो यांच्यासाठी. आणि मला सीट हवी असं पहिल्यांदा वाटलं ते भिगवणच्या अलीकडे नाहीच. ते वाटलं अशाच एका मिसळीच्या थांब्यावर. एका मित्राच्या गाडीला तपकिरी लेदरची, चौकटी शिवणीची सीट होती आणि सगळे तिच्याभोवती गोळा झाले होते. कंबरदुखी खरी होती, पण इच्छा तिथून आली नव्हती. दुखणं मी नंतर पुरावा म्हणून जोडलं. आणि तेवढ्याने भागेना, तेव्हा देवाला साक्षीला उभं केलं.

मित्रांनो, 18,500 रुपये खर्च करणं हे पाप आहे असं मी म्हणत नाही. पण हे दुसरं जे केलं, ते मला टोचलं.

मग मी दुसऱ्या टोकाला गेलो. आमची आत्या माउलींच्या पालखीबरोबर अनेकदा चालली आहे. आळंदी ते पंढरपूर, सुमारे अडीचशे किलोमीटर. ती पायी जाते आणि मला मोटरसायकलवर बसून जायचं तरी गादी पाहिजे! सीटबिट काही नको, सहन करायचं, तीच साधना, असं ठरवलं. आणि मोठेपणाने आत्याला फोन करून सांगितलं.

आत्या म्हणाली, “काय वेडा का काय! पायाला फोड आला की दिवसभर ध्यान फोडात. अभंग तोंडाने चालू, मन टाचेला. म्हणून तर मी दरवर्षी चप्पल आधी महिनाभर घालून मऊ करते.” मग तिने वारीतल्या सेवेचं सांगितलं. वाटेत लोक वारकऱ्यांचे पाय तेल लावून चोळून देतात, चर्मकार बांधव फुकट चपला शिवून देतात. “दुखलं पाहिजे असं कुणी सांगितलंय तुला? ते सगळे काय चुकीचं करतात होय?” आणि शेवटी विचारलं, “त्या गादीवर रोज किती वेळ बसणार तू?”

रोज? ऑफिस नऊ किलोमीटर.

या फोननंतर मी सहावा अध्याय पुन्हा उघडला आणि एक गोष्ट दिसली, जी इतक्या वर्षांत दिसली नव्हती. आजच्या श्लोकाच्या बरोबर आधी, दहाव्या श्लोकात, योग्याचं वर्णन आहे. तो एकान्तात राहतो, आशा धरत नाही आणि अपरिग्रही असतो, म्हणजे साठा करत नाही. आणि लगेच अकराव्या श्लोकात त्याच माणसाला तीन थरांचं आसन सांगितलंय! साठा करू नकोस म्हणणारे भगवान पुढच्याच वाक्यात दर्भ, मृगाजिन आणि वस्त्र मोजून देतात. तेव्हा शरीराची नीट सोय करणं हा परिग्रह नव्हे. एरवी भगवान म्हणाले असते, बस कुठेही, दगडावर बस.

ज्ञानेश्वर माउलींनी सहाव्या अध्यायात हे आसन फार आपुलकीने समजावलं आहे. उंच झालं तर अंग डोलेल, खाली झालं तर जमिनीचा दोष बाधेल. उंची ठरवताना ते बसणाऱ्याचं अंग बघतात. आसन चांगलं कधी? त्यावर बसलेल्याला आसनाची आठवण राहत नाही तेव्हा. बाराव्या श्लोकात बसून झालं की आसनाचा विषय संपतो.

ही कसोटी मी माझ्या प्रश्नाला लावली. जुन्या सीटवर माझं लक्ष सीटमध्ये असतं, कारण ती टोचते. पण नवीन 18,500 च्या सीटवर ते कुठे असणार होतं? ऊन लागलं की लेदरवर हात फिरवणार, पाऊस आला की कव्हर शोधणार, पार्किंगमध्ये कुणी ओरखडा तर काढला नाही ना बघणार, थांब्यावर कुणी विचारतंय का याची वाट बघणार. म्हणजे लक्ष पुन्हा सीटमध्येच. एक सीट दुखून आठवते, दुसरी मिरवून. माझ्यासाठी पहिलं आसन फार खाली होतं आणि दुसरं फार उंच.

शनिवारी नाना पेठेत गेलो. गाड्यांच्या सामानाच्या त्या गल्ल्यांमध्ये एक वयस्कर काका सीटचं कुशन करतात. त्यांनी मला गाडीवर बसवलं, बाजूला उभं राहून बघितलं, मग उतरवून सीट अंगठ्याने दाबली. म्हणाले, “फोम बसलाय, उतारही काढावा लागेल.” मी म्हटलं, मऊ फोम टाका, जरा जास्त. त्यांनी दोन तुकडे समोर ठेवले. मऊवर बसून बघितलं, अहाहा! दुसरा कडक, सतरंजी घडी करून ठेवावी तसा. काका म्हणाले, “साहेब, दुकानात मऊ लागतं ते रस्त्यात टोचतं. मऊ फोम तासाभरात दबून खालच्या पत्र्याला टेकतो. मग तुम्ही पत्र्यावरच बसता.”

मला तिथल्या तिथे अठरावा अध्याय आठवला. सुखाचे प्रकार सांगताना भगवान म्हणतात की एक सुख सुरुवातीला अमृतासारखं आणि शेवटी विषासारखं, ते राजस. दुसरं सुरुवातीला विषासारखं वाटतं आणि शेवटी अमृतासारखं होतं, ते सात्त्विक. नाना पेठेत ते दोन्ही प्रकार फोमच्या तुकड्यांत माझ्यासमोर ठेवलेले होते. कडक घेतला. खर्च 2,800.

मागच्या रविवारी पंढरपूरला जाऊन आलो. टेंभुर्णी येईपर्यंत, म्हणजे दीडशेच्या वर, सीट आठवली नाही. त्यानंतर थोडी आठवली, थांबलो, चहा घेतला, निघालो. महागडी सीट असती तर कदाचित तिथेही आठवली नसती. तेवढ्या फरकाची किंमत 15,700 रुपये होती आणि माझ्या वर्षातल्या पाच प्रवासांसाठी ती मला जास्त वाटली. ज्याच्या पाठीचं ऑपरेशन झालंय, ज्याची रोजी गाडीवर आहे, जो महिन्याला दोन हजार किलोमीटर फिरतो, त्याचं गणित वेगळं येईल. त्याने मापाची सीट जरूर घ्यावी, अपराधी न वाटता घ्यावी. त्याचं अंग वेगळं, त्याचं आसन वेगळं.

वाचलेले पैसे मी दान केले, असं लिहायला मला आवडलं असतं. नाही केले. ते खात्यात आहेत.

आणि एक गोष्ट अजून सुटलेली नाही. परवा कर्वे रस्त्यावर सिग्नलला माझ्या शेजारी एक डिलिव्हरीवाला मुलगा थांबला. त्याच्या सीटचं कव्हर फाटलेलं होतं. त्यावर पोत्याची घडी, आणि ती ट्यूबच्या रबराने करकचून बांधलेली. वीस-बावीस वर्षांचा असेल. तो दिवसाचे दहा तास तरी त्यावर बसत असणार. चांगल्या सीटचा खरा उपयोग कुणाला, असं गणित मांडलं तर उत्तर माझ्या शेजारी उभं होतं. तीन आठवडे मी ‘एवढे पैसे घालावेत का’ हा प्रश्न घोळवत बसलो होतो. त्याच्यापर्यंत तो प्रश्न पोचतच नाही. सिग्नल सुटला, तो गेला. मी त्याला नाना पेठेतल्या काकांचा पत्ताही सांगितला नाही. सुचलंच नाही.

आसन फार खाली नको, असं भगवान सांगतात. ते फक्त माझ्याच आसनाबद्दल सांगतात का? हे वाक्य लिहितानाही मला थोडं अवघडल्यासारखं होतंय. ते 15,700 रुपये खात्यात आहेत, असं मी वर लिहिलंच आहे.

आजचा अभ्यास : पुढच्या महिन्यात जी मोठी वस्तू घ्यायची ठरवली असेल, तिच्यापुढे ती कशासाठी ते एका शब्दात लिहा. मग ते घरातल्या कुणाला तरी दाखवा. ते हसले तर रागावू नका.

आणि हो, आमच्या शीटमधलं सदर आता ‘गाडी दुरुस्ती’ असं आहे.

उद्या श्लोक 13, पाठीचा कणा आणि नजर.

जय हरी विठ्ठल!