चालावे कोणाच्या पावलांनी?

आजी, मुले, नातवंडे मिळून रोम पाहावयास निघतात, तेव्हा आपण कोणाच्या पावलांनी चालावे? संत पेत्राच्या महामंदिराच्या घुमटास ५५१ पायऱ्या; लिफ्टने गच्ची गाठली तरी ३२० उरतातच. नातवंडे धावत सुटतात. "आई, तू खाली निवांत बस," असे आपण म्हणतो. त्यात माया असते, तशी आपली सोयही! खाली महामंदिरात पेत्राचा कांस्यपुतळा आहे. शतकानुशतके यात्रेकरूंच्या स्पर्शाने त्याचा उजवा पाय झिजून गुळगुळीत झाला आहे. आजी तेथे रेंगाळते आणि आपण घड्याळाकडे पाहतो. नातवंडांनी घुमट चढू नये, असे आम्ही मुळीच म्हणत नाही. पण त्या झिजल्या पायाशी आजी कोणाकोणाची नावे पुटपुटते, हे ऐकावयास कोणीच का थांबू नये?