वस्त्र सोडून पळालेला योसेफ



योसेफाने पोटीफराच्या पत्नीशी वाद घातला नाही. वस्त्र तिच्या हाती सोडून तो बाहेर पळाला (उत्पत्ती ३९). आपण मात्र मोहापुढे थांबतो, ‘नुसते पाहतोच आहोत’ अशी स्वतःची समजूत घालतो. घर झोपल्यावर हातातला मोबाईल हेच आपल्यापैकी अनेकांचे पोटीफराचे घर. आम्ही धर्मगुरूही त्यातून सुटलेलो नाही. झगा घातल्याने डोळे बदलत नाहीत.

संत आगुस्तीन तरुणपणी देवाकडे शुद्धता मागत, पण इतक्यात नको, असेही म्हणत. इ. स. ३८७ मध्ये मिलान येथे त्यांचा बाप्तिस्मा झाला. पुढे बिशप झाल्यावरही जुनी चित्रे स्वप्नात येतात, असे त्यांनी मोकळेपणाने लिहिले. मोह येणे पाप नव्हे, त्याला होकार देणे पाप. हा फरक न कळल्याने कित्येक तरुण उगाच निराश होतात आणि प्रार्थनाच सोडतात.

या आठवड्यात मोबाईल स्वयंपाकघरात चार्जिंगला लावून झोपू या. पाय घसरलाच तर लपू नका. शनिवारी सायंकाळी मिस्साआधी आम्ही प्रायश्चित्त संस्कारासाठी बसलेले असतो.